वरिष्ठ आरोग्य व्यवस्था सल्लागार: पात्रता, कागदपत्रे आणि निवडीचा क्रम

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था 'सीनियर हेल्थ सिस्टिम्स अ‍ॅडव्हायझर' या पदाची जाहिरात देतात, तेव्हा हे पद फक्त डॉक्टरांचेच असे समजून जिल्हा पातळीवर वर्षानुवर्षे राबलेली माणसे अर्जच करत नाहीत. व्यवस्था आतून ठाऊक असलेल्यांनीच असे मागे राहणे फार नुकसानीचे आहे.

या पदावरची व्यक्ती रुग्ण तपासत नाही. बहुतेक वेळा ती राज्याच्या आरोग्य विभागासोबत बसून काम करते: राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा (एनएचएम) वार्षिक आराखडा (सगळे त्याला पीआयपी म्हणतात), औषधपुरवठा, रिक्त पदे, एचएमआयएस या सरकारी आरोग्य माहिती प्रणालीतली आकडेवारी, अखर्चित निधी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आरोग्य व्यवस्थेचे सहा घटक मांडले: सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधे व साधने, वित्त आणि नेतृत्व. जाहिरातीतल्या जबाबदाऱ्या या सहांपैकी कशात बसतात ते आधी पाहा. सहाही घटकांत कोणीच तरबेज नसतो. संस्थेला त्यांतले एक-दोन पक्के हवे असतात आणि ते कोणते, हे टीओआर म्हणजे कामाच्या कार्यकक्षेत लिहिलेले असते. टीओआर जाहिरातीसोबत नसेल तर मागून घ्या.

पात्रता

शिक्षणात साधारणपणे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी), सामुदायिक वैद्यकशास्त्रातील एमडी, रुग्णालय प्रशासन, आरोग्य अर्थशास्त्र किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी चालते. एमबीबीएस अनिवार्य असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असते. 'अनिवार्य' आणि 'प्राधान्य' हे दोन रकाने वेगळे वाचा. प्राधान्याची एखादी अट पूर्ण होत नाही म्हणून अर्ज सोडू नका. अनिवार्य अट पूर्ण होत नसेल तर मात्र अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो.

वरिष्ठ पदासाठी अनेकदा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक अनुभव मागतात, आणि त्यातला काही काळ सरकारी यंत्रणेसोबतचा असावा लागतो. महाराष्ट्रात नेमणूक असेल तर मराठीला खरी किंमत आहे. शासन निर्णय वाचता आला पाहिजे, तालुका आरोग्य अधिकाऱ्याशी आणि आशा सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांशी थेट बोलता आले पाहिजे. हे अर्जात आवर्जून लिहा.

सरकारी सेवेत असाल तर विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि अर्ज वरिष्ठांमार्फत जातो. ही फाईल हलायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. केंद्रीय सेवेतील गट अ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात व्यावसायिक नोकरीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आपली नेमणूक त्या व्याख्येत येते का, याचे उत्तर जुन्या विभागाकडून लेखी घ्या.

कागदपत्रे

पदवी प्रमाणपत्रे, पॅन, आधार आणि संदर्भ देणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची नावे हे सगळीकडे सारखेच. त्या व्यक्तींना आधी विचारा, आणि त्यांत एक तरी तुमचा प्रत्यक्ष वरिष्ठ असू द्या.

खरी अडचण येते अनुभव प्रमाणपत्रांची. एनएचएममध्ये कंत्राट नव्या आदेशाने पुढे चालते, त्यामुळे आठ वर्षांची सलग नोकरी कागदावर तुकड्यातुकड्यांत दिसते. प्रत्येक नियुक्ती आदेश, मुदतवाढ आणि कार्यमुक्तीचे पत्र तारखेनुसार लावून एकच पीडीएफ करा. एखादा आदेश हरवला असेल तर जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापन कक्षाकडे प्रत मागा.

सोबतचे पत्र दोन पानांपेक्षा मोठे नको. 'औषधपुरवठा बळकट केला' या वाक्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या औषधाचा तुटवडा होता, मागणीपत्र कुठे अडत होते, तुम्ही काय बदलले आणि त्यानंतर साठा किती महिने टिकला, ते लिहा. महाराष्ट्रातली औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण आले. या बदलाच्या काळात तुम्ही भांडार सांभाळले असेल तर तो अनुभव मोलाचा आहे. निधीच्या कामालाही हेच लागू. एनएचएममधला केंद्र-राज्य ६०:४० वाटा सगळ्यांना पाठ असतो, पण पंधराव्या वित्त आयोगाचे आरोग्य अनुदान तुमच्या जिल्ह्यात कशावर खर्च झाले हे सांगणारा उमेदवार वेगळा दिसतो.

लेखनाचा नमुना मागितला तर स्वतः लिहिलेलाच द्या. सरकारी अहवालात इतरांचाही हात असेल तर आपला भाग कोणता ते नमूद करा.

निवड आणि करार

छाननीनंतर बहुधा लेखी काम देतात, उदाहरणार्थ एका जिल्ह्याची आकडेवारी देऊन दोन पानी टिपण. मग समितीसमोर मुलाखत, संदर्भांची चौकशी आणि काही संस्थांत चारित्र्य पडताळणी. मुलाखतीत हमखास विचारतात: अधिकाऱ्याने तुमचा सल्ला मानला नाही तर काय कराल? सल्लागाराच्या हाती आदेशाचा अधिकार नसतो, त्यामुळे या उत्तरावर बरेच काही ठरते. घडलेला प्रसंग सांगा.

कोणत्याही टप्प्यावर पैसे मागितले तर तिथेच थांबा. संस्था खरी आहे का, हे नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर पाहता येते; परदेशी निधी असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी चालू आहे का, तेही तपासा. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, म्हणून पगार कोणत्या प्रकल्पातून आणि किती मुदतीचा, हे विचारण्यात संकोच नको.

करार कर्मचारी म्हणून आहे की सल्लागार म्हणून, हे सही करण्याआधी पाहा. सल्लागार मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो, भविष्य निर्वाह निधी नसतो, आणि वर्षाची एकूण व्यावसायिक जमा २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. पगाराचा आकडा ठरवताना हे सगळे धरूनच बोलणी करा.