पायाखालचा मास्टर सिलेंडर

जुनी फोर्ड हलकी करायची, तिच्यात मोठं इंजिन घालायचं आणि पळवायची, म्हणजे हॉट रॉड. पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देऊन ते चाकांकडे ढकलणारी नळी म्हणजे मास्टर सिलेंडर. हॉट रॉडला तो कोणता घ्यायचा, याचं निम्मं उत्तर हेन्री फोर्डच्या हट्टात आहे.

डूझनबर्गने १९२१ मध्येच चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले. क्रायसलरने १९२४ मध्ये दिले, १९२८ मध्ये स्वस्तातल्या प्लिमथलाही. फोर्ड मात्र सळ्या आणि केबल सोडायला तयार नव्हते. पॅडलपासून चाकापर्यंत पोलाद म्हणजे सुरक्षितता, असं त्यांची जाहिरात १९३७ मध्येही सांगत होती. १९३९ च्या मॉडेलमध्ये एकदाचं ब्रेक ऑइल आलं.

तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर मॉडेल ए आणि १९३२ ची फोर्ड पळवत होती. इंजिन जोरदार, ब्रेक सळ्यांचे. नव्या फोर्डचे ड्रम, म्हणजे आतून दाबले जाणारे ब्रेकचे डबे, जुन्या ॲक्सलवर थोड्या खटपटीने बसतात हे कळल्यावर त्यांनी ते उचलले, आणि सोबत १९३९ चा पॅडलचा जोडही. त्यात क्लच आणि ब्रेकची पॅडल शेजारी-शेजारी, मास्टर सिलेंडर मागे, तळाच्या पत्र्याखाली. ऑइल बघायचं तर गालिचा उचलायचा, पायाजवळची झाकणी काढायची आणि बॅटरी मारून आत डोकवायचं. ही जागा आजही टिकून आहे, कारण ठेंगण्या गाडीत फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या पत्र्याला, चिकटून इंजिनच असतं.

त्या सिलेंडरला एकच कप्पा होता. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. कॅडिलॅक आणि रॅम्बलरने १९६२ मध्ये दोन कप्प्यांचा सिलेंडर आणला, १९६८ पासून अमेरिकेत विभागलेले ब्रेक सक्तीचे झाले. गाडी जुन्या वळणाची दिसावी म्हणून आज कुणी एकेरी सिलेंडर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढे ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या आल्या आणि पायाखालची जागा अडचणीची ठरली. तबकडीवर पॅड दाबणारा कॅलिपर वर, सिलेंडर खाली, त्यामुळे ऑइल उतरून परत येतं आणि पहिल्या दाबाला पॅडल तळाला जातं. म्हणून डिस्कच्या लाइनीत २ पौंडांचा दाब धरणारा व्हॉल्व्ह लावतात, ड्रमच्या लाइनीत १० पौंडांचा. जुन्या ड्रमच्या सिलेंडरात तो बहुधा आतच असे. तसा सिलेंडर डिस्कला जोडला तर पॅड घासत राहतात.

बोअरचं, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या व्यासाचं गणित सरळ आहे. पायाचा जोर ७० पौंड, पॅडलचं प्रमाण ६ ला १ (पॅडल हा जोर सहापट करतं), तर १ इंच बोअरला सुमारे ५३५ पौंड प्रति चौरस इंच दाब मिळतो. एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच बोअर वाढवला तर ४२२ च उरतो. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नसेल तर मोठा सिलेंडर म्हणजे दगडासारखं कडक पॅडल आणि कमी ब्रेक. फार लहान घेतला तर पॅडल खोल जातं.

क्लचला पूर्वी साधी सळी पुरायची. शेव्हरलेच्या १९५५ च्या व्ही-एटपासून नवनवी इंजिनं आत येऊ लागली, एक्झॉस्टच्या नळ्यांनी वाट अडवली, आणि क्लचही ऑइलवर गेला. त्याला बहुधा पाऊण इंचाचा वेगळा सिलेंडर लागतो. दाब धरणारा व्हॉल्व्ह त्या लाइनीत लावायचा नाही, नाहीतर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं.