प्लाझ्माच्या अल्पपरिचित सोयी: बदलत्या मूळ मांडणीची पार्श्वभूमी

केडीई प्लाझ्मा या मुख्यतः लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉप प्रणालीतील अल्पपरिचित सोयी मुद्दाम खोलवर दडवून ठेवल्या आहेत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतल्या काही सोयी एके काळी पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्याच्या समोर होत्या, आणि मूळ मांडणीतील (म्हणजे आपण काहीही न बदलता मिळणाऱ्या, डीफॉल्ट मांडणीतील) एखादा पर्याय बदलला गेल्यामुळेच त्या मागे पडल्या.

केडीईच्या १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून ३.५ पर्यंत पर्यायांची संख्या वाढतच गेली. जानेवारी २००८ मध्ये ४.० ने डेस्कटॉपची रचनाच नव्याने केली आणि अपुऱ्या तयारीमुळे बरीच नाराजी ओढवून घेतली; त्याच वर्षीच्या ४.१ मध्ये फोल्डर दाखवण्याचे कामही एका विजेटकडे, म्हणजे डेस्कटॉपवर ठेवायच्या छोट्या घटकाकडे, सोपवले गेले. पुढे ‘मुळात साधे, गरज पडेल तेव्हा समर्थ’ हे धोरण पुढे आले. २०१४ च्या प्लाझ्मा ५ पासून त्याचा ठसा स्पष्ट दिसतो: पर्याय कायम राहिले, मात्र प्रथमदर्शनी दिसणारी मांडणी शांत होत गेली.

या धोरणाचा सर्वांत वादग्रस्त परिणाम फेब्रुवारी २०२४ मधील प्लाझ्मा ६ मध्ये दिसला. तोवर फाइल किंवा फोल्डर एका क्लिकने उघडणे हीच येथील मूळ पद्धत होती; नव्या आवृत्तीत त्यासाठी डबल क्लिक आले. इतर प्रणालींवरून येणारे लोक एका क्लिकने गोंधळतात आणि अनेक लिनक्स वितरणांनी (डिस्ट्रोंनी) हा पर्याय आधीच बदललेला आहे, हे समर्थकांचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते. तरीही एका क्लिकच्या पद्धतीभोवती बेतलेली कामाची एक पूर्ण रीत यामुळे नवख्यांच्या नजरेआड गेली, हे नुकसान लहान मानता येणार नाही. डॉल्फिन या फाइल व्यवस्थापकात चिन्हावर माउस नेताच कोपऱ्यात उमटणारी आणि फाइल न उघडता निवडू देणारी अधिकची खूण याच रीतीचा भाग आहे. हाताला कमी श्रम देणारी ही पद्धत आजही सिस्टिम सेटिंग्जमध्ये परत लावता येते, परंतु तिचे अस्तित्वच ठाऊक नसणारा तिथवर का जाईल?

त्याच आवृत्तीत डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचे चाक फिरवून आभासी डेस्कटॉप (एकाच पडद्यावरची वेगवेगळी कार्यक्षेत्रे) बदलण्याची सोयही मुळात बंद झाली. उलट, मधल्या काळात गायब झालेला डेस्कटॉपचा घन (आभासी डेस्कटॉप फिरत्या घनाच्या बाजूंवर दाखवणारा दृश्य परिणाम) तेव्हाच परत आला. खिडकी मोठी करण्याच्या बटणावर माउसची मधली कळ दाबल्यास ती फक्त उभी आणि उजवी कळ दाबल्यास फक्त आडवी वाढते, ही जुनी सोय मात्र टिकून आहे. तिची सूचना समोर कुठेच नसल्याने ती एकमेकांकडूनच कळते. २०२३ च्या ५.२७ मध्ये आलेला, मेटा (विंडोज चिन्हाची कळ) आणि टी या कळांनी उघडणारा खिडक्यांच्या मांडणीचा संपादकही असाच अनेकांना अपरिचित आहे.

या साऱ्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. सेटिंग्जच्या फाइलींत सहसा वापरणाऱ्याने बदललेली मूल्येच नोंदली जातात. मूळ मूल्ये प्रोग्रॅममध्येच असतात. त्यामुळे ज्याने एका क्लिकचा पर्याय कधी हाताळलाच नव्हता, त्याची वर्षानुवर्षांची सवय अद्ययावत करताच बदलली. बदललेल्या सेटिंग्ज ठळक करून दाखवणारी सोय २०२० च्या ५.२० पासून उपलब्ध आहे, पण ती वापरणाऱ्याने केलेलेच बदल दाखवते. मूळ मूल्यच बदलले असेल, तर त्याची खूण तिथे उमटत नाही.