मेल येत नाही म्हणून खातं काढू नका
(थंडरबर्ड वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार.

वरूड-मोर्शी भागातल्या ज्या कृषी केंद्रांत, शाळांत, पतसंस्थांत आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडे आम्ही थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम बसवून दिला, त्यांच्यासाठी हा कागद आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवा. मेल कशी उघडायची, फाइल कशी जोडायची हे यात नाही, ते तुम्हाला येतं. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड सुरू झाली की आम्हाला रोज पाच-सहा फोन येतात आणि सगळ्याच फोनांत प्रश्न एकच असतो, मेल येत नाही, काय करू? त्याचं उत्तर यात आहे.

गेल्या हंगामात एक कृषी केंद्रवाले भाऊ दुचाकीच्या मागे बारदानात बांधून सीपीयू घेऊन आले. "भाऊ, मेलच येऊन नाही राह्यली म्हून म्या खातं काढलं अन् पुन्हा टाकलं. तं आता जुनं कायच दिसून नाही राह्यलं." सहा वर्षांच्या मेल होत्या. खत कंपन्यांची परिपत्रकं, परवान्याच्या नूतनीकरणाची पत्रं, बिलं. सगळं गेलं होतं. आणि मूळ बिघाड काय होता? खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, त्यावर चुकून क्लिक होऊन प्रोग्राम ऑफलाइन झाला होता. त्याच चिन्हावर पुन्हा एक क्लिक केलं असतं तर काम झालं होतं.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे : मेल येत नसेल तर काहीही करा, पण खातं काढू नका.

खातं काढलं तर नेमकं काय होतं

खातं काढताना थंडरबर्ड एक छोटी खिडकी दाखवतं. त्यात दोन ओळी असतात. पहिली खात्याची माहिती काढायची, दुसरी मेलचा डेटा काढायचा. दुसऱ्या ओळीवर खूण केली की कॉम्प्युटरवरच्या मेल पुसल्या जातात. बहुतेक लोक ती खूण करतात, कारण "सगळं साफ करून नव्यानं टाकू" हा विचार मनात असतो.

आता तुमचं खातं कोणत्या पद्धतीचं आहे यावर पुढचं ठरतं. आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, असतात, खातं परत टाकलं की हळूहळू उतरतात. नेट धिमं असेल तर दोन दिवस लागतील, पण येतील. पॉप असेल तर मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरलेल्या असतात आणि सर्व्हरवर त्या राहिल्याच असतील याचा भरवसा नाही. पॉपच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवर मेल 14 दिवस ठेवायची खूण असेल, तर त्याआधीच्या सगळ्या मेलची एकच प्रत जगात असते, ती तुमच्या सीपीयूमध्ये. ती पुसली की संपलं. आपलं कोणतं आहे ते अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडलं की पहिल्याच ओळीत लिहिलेलं दिसतं.

काही जण विचारतात, मग तुम्हीच आम्हाला पॉप का लावून दिलं होतं? रास्त प्रश्न आहे. ज्यांची मेल स्वतःच्या डोमेनची, म्हणजे स्वतःच्या संस्थेच्या नावाच्या पत्त्याची, होती, त्यांना सर्व्हरवर जागा थोडीच मिळायची, आणि गावातलं नेट दिवसातून चार वेळा जायचं. पॉपमध्ये मेल एकदा उतरली की नेट असो नसो, वाचता यायची. त्या वेळी ते बरोबरच होतं. आज नेट बरं झालंय, एकाच माणसाला मेल कॉम्प्युटरवरही पाहिजे आणि फोनवरही, त्यामुळे आम्ही नवीन सगळी खाती आयमॅपवरच लावतो. जुन्यांनीही बदलून घ्यावं. पण हा बदल घरी करू नका. आधी जुन्या मेल लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच राहणाऱ्या फोल्डरांत, नीट हलवाव्या लागतात, मग पॉपचं खातं बंद करायचं. तो क्रम उलटा झाला की वरची कृषी केंद्राची गोष्ट.

आयमॅपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आयमॅप म्हणजे कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीकडून एकाच कपाटात डोकावणं. "कॉम्प्युटरवर गर्दी झाली, इथल्या डिलीट करतो, फोनवर आहेतच" असं करू नका. इथली गेली की फोनवरचीही जाते. जीमेलमध्ये ती कचऱ्याच्या डब्यात 30 दिवस असते, तोवर परत काढता येते. त्यानंतर नाही.

मेल येत नसेल तर पाहायच्या गोष्टी, याच क्रमाने

आधी तो डावा कोपरा. ऑफलाइन असेल तर ऑनलाइन करा.

मग उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. हसू नका. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं. जुन्या सीपीयूमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर 2032. तो उतरला की लाइन गेली आणि परत आली तर तारीख मागे कुठेतरी कित्येक वर्षं जाऊन बसते. मेलचा सर्व्हर आपलं ओळखीचं प्रमाणपत्र दाखवतो, तुमचा कॉम्प्युटर म्हणतो हे प्रमाणपत्र तर अजून सुरूच व्हायचं आहे, आणि जोडणी तुटते. स्क्रीनवर काहीतरी सिक्युरिटीचं इंग्रजी येतं आणि माणूस घाबरतो. तारीख दुरुस्त केली की मेल लगेच सुरू. सेल चाळीसेक रुपयांचा आहे, बसवायला आम्ही वेगळे पैसे घेत नाही. पण तो बदलला नाही तर पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तेच.

तारीख बरोबर असेल तर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून जागा बघा. गूगल फुकटात 15 जीबी देतं आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोनमधून आपोआप चढणारे फोटो, सगळंच मोजलं जातं. नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ त्याच खात्यात चढत असतील तर एक दिवस जागा संपते, मग नवीन मेल येत नाही आणि पाठवणाऱ्याकडे परत जाते. थंडरबर्ड बिचारं काय करणार. एका व्यापाऱ्याच्या दिल्लीच्या पार्टीचे दर असेच दोन दिवस परत जात राहिले. पार्टीला वाटलं, आमची मेल परत येते म्हणजे यांना सौदा नको. दुकानाची मेल आणि घरचे फोटो वेगवेगळ्या खात्यांत ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि जवळजवळ कोणीच ऐकत नाही.

चौथं, पासवर्ड. मुलाने फोनवर पासवर्ड बदलला असेल तर थंडरबर्ड गूगलचीच लॉगिनची खिडकी पुन्हा उघडतं, तिथे नवीन पासवर्ड टाका. 2022 पासून गूगलने घरगुती खात्यांना बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसता पासवर्ड टाकून आत येणं बंद केलं. त्यामुळे सेटिंगमध्ये ओऑथ2, म्हणजे गूगलच्याच खिडकीतून लॉगिन करायची पद्धत, असावं लागतं आणि थंडरबर्डमध्ये कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, सुरू असाव्या लागतात. कोणी "प्रायव्हसी"च्या नावाखाली कुकीज बंद केल्या की ती खिडकी उघडते, गोल गोल फिरते आणि बंद होते. पासवर्ड बरोबर असूनही.

एवढं करून जमलं नाही तर आम्हाला फोन करा. खातं मात्र तसंच राहू द्या.

मेल आल्या, पण यादी रिकामी दिसते

लाइन अचानक गेली की हे होतं. थंडरबर्ड एका फोल्डरच्या सगळ्या मेल साधारणपणे एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं, आणि शेजारी तिची अनुक्रमणिका असते. रोजमेळाची वही आणि तिच्या पुढचं पान, असं समजा. पान फाटलं म्हणजे वही गेली नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथलं रिपेअर फोल्डर दाबा. अनुक्रमणिका नव्याने तयार होते. त्याआधी थंडरबर्ड बंद करून फाइलची नक्कल केलेली बरी.

अँटिव्हायरसमुळेही इनबॉक्स रिकामा होतो. एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस ती सगळी फाइलच उचलून कोंडून ठेवतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती एकच फाइल आहे. "डिलीट करू का" असं विचारलं तर नाही म्हणा. कोंडलेलं सोडवता येतं. पुसलेलं परत काढणं नशिबाचा भाग. जुन्या हार्ड डिस्कवर कधीकधी निघतं, पण तोवर त्या कॉम्प्युटरवर एक अक्षरही लिहू नका. एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, असेल तर आम्ही आधीच सांगतो, आशा ठेवू नका.

मराठी मेल समोरच्याला वाचता येत नाही

हा शाळांचा आणि ग्रामपंचायतींचा प्रश्न. पत्र कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, तेच कॉपी करून मेलमध्ये चिकटवतात. तुमच्याकडे वर्डमध्ये मराठी दिसतं, मेलमध्ये इंग्रजी अक्षरांचा काला होतो. यात थंडरबर्डची चूक नाही. कृतिदेवमध्ये आत इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. एकतर पत्राची पीडीएफ करून जोडा, नाहीतर युनिकोडमध्ये टाइप करा, त्यात अक्षरं आतूनही मराठीच असतात. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीच असतो, आम्ही तो फुकट सुरू करून देतो. हात बसायला महिनाभर लागतो, हे खरं.

अक्षर बारीक दिसतं म्हणून चष्मा बदलण्याआधी वरच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा, तिथे फॉन्टचा आकार वाढवता येतो. आणि बँकेच्या, सरकारी कार्यालयाच्या, पार्टीच्या मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जाव्यात असं वाटत असेल तर मेसेज फिल्टर लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. मात्र फिल्टर लावल्यावर "मेल आली नाही" म्हणून फोन करण्याआधी ती फोल्डरं उघडून पाहा.

कॅलेंडर

पूर्वी कॅलेंडर वेगळं जोडावं लागायचं, आता ते थंडरबर्डमध्येच असतं. लोक ते उघडतच नाहीत, आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगाचं तेच आहे. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांनी 11 आणि 20 या दोन तारखा एकदाच टाकून "दर महिन्याला" असं करून ठेवावं. ग्रामपंचायतीने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा दरवर्षीच्या म्हणून टाकाव्यात, नोटीस काढायची आठवण आठ दिवस आधीची लावून. आठवण वेगळी लावावी लागते, आणि थंडरबर्ड बंद असेल तर ती वाजत नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी थंडरबर्ड उघडायची सवय लावा.

एका मुख्याध्यापक सरांच्या कॅलेंडरमध्ये सकाळी 11 ची मीटिंग आदल्या रात्री 9:30 ला दिसत होती. सरांना वाटलं पंचायत समितीनेच वेळ चुकवली. नव्याने विंडोज टाकणाऱ्याने टाइम झोन अमेरिकेचाच राहू दिला होता, तेवढीच गोष्ट. घड्याळाचा काटा हाताने पुढे सरकवून भागत नाही, झोन भारताचा, म्हणजे 5:30 पुढचा, करावा लागतो.

"होम" नावाच्या कॅलेंडरमध्ये टाकलेलं फक्त त्या कॉम्प्युटरवर राहतं. फोनवरही दिसायला पाहिजे तर गूगलचं कॅलेंडर जोडून देतो.

आमच्या पैशांबद्दल

"थंडरबर्ड फुकट आहे, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" हे आम्हाला तोंडावर विचारणारेही आहेत, आणि विचारलेलं बरं. प्रोग्राम फुकटच आहे. पैसे बॅकअपचे आणि वेळेचे आहेत. कॉम्प्युटर हातात घेतला की आम्ही आधी प्रोफाइलचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. मेल, पत्ते, कॅलेंडर, फिल्टर सगळं त्यातच असतं. दहा-बारा जीबीचं फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवरून निघायला कधी संध्याकाळ होते, म्हणून "दहा मिनिटांच्या कामाला दिवस लावला" असं वाटतं. घाईत बॅकअप न घेता काम केलं असतं तर तुमच्याच मेलवर प्रयोग झाला असता. पासवर्ड आम्ही लिहून ठेवत नाही, मागूही नका.

विंडोज 7 असलेल्यांना थंडरबर्डची 115 च्या पुढची आवृत्ती मिळत नाही. चालतं तोवर चालवा, पण नवीन कॉम्प्युटर घेणारच असाल तर जुना भंगारात देण्याआधी आमच्याकडे आणा. प्रोफाइल नव्यावर नेऊन देतो. आमच्याकडूनच घेतला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. वर्षाच्या करारात दर तीन महिन्यांनी तुमच्याकडे येऊन बॅकअप घेतो, आणि बॅकअपची डिस्क तुमच्याच कपाटात राहते. साधा यूपीएस मात्र कोणाकडूनही घ्या, पण घ्या.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर आणि वायरी नकोत. आठवडी बाजाराच्या दिवशी शक्यतो टाळा. आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन सोबत ठेवा. तो फोन पुण्याला मुलाकडे असेल तर त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर तो मीटिंगमध्ये असतो आणि आपण इथे ओटीपीची वाट पाहत तिसरा चहा घेत बसतो.