मोटारसायकलच्या स्पार्क प्लगमधील फेरफार

स्पार्क प्लगची ठिणगी मोकळी पडावी आणि सिलिंडरमधले मिश्रण चटकन पेटावे, यासाठी प्लगचे टोक घासणे, कापणे, त्याचा गॅप (ठिणगी पडते ती फट) बदलणे किंवा प्लग ठरावीक दिशेला तोंड करून बसवणे, या सगळ्याला मिळून स्पार्क प्लगमधील फेरफार म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांवर काम करणाऱ्यांकडून या युक्त्या रस्त्यावरच्या गॅरेजांत आल्या.

सर्वांत परिचित फेरफार म्हणजे बाहेरची वाकलेली पट्टी आखूड करणे. साध्या प्लगमध्ये ही पट्टी मधल्या इलेक्ट्रोडला (प्लगच्या मधल्या धातूच्या टोकाला) वरून पूर्ण झाकते. ठिणगी पडल्यावर प्रथम ज्योतीचा अगदी लहान गोळा तयार होतो आणि तो वाढण्याआधीच पट्टीचा तुलनेने थंड धातू त्याची उष्णता ओढून घेतो. पट्टी बारीक कानसने घासून तिचे टोक मधल्या इलेक्ट्रोडच्या कडेपर्यंत आणले की गोळ्याला वाढायला मोकळी जागा मिळते. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडी मारते, कारण तिथे विद्युतक्षेत्र एकवटते. म्हणून ताज्या घासलेल्या टोकाला कमी व्होल्टेज पुरते. वापरून गोल झालेल्या जुन्या प्लगला मात्र जास्त व्होल्टेज लागते. घासलेला प्लग लावल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते, त्यामागे पुष्कळदा कापण्यापेक्षा ही नवी धारच असते, आणि ती नव्या साध्या प्लगलाही असते.

शक्ती इंधनातून येते. ठिणगीचे काम ते पेटवण्यापुरते. मिश्रण दर वेळी नीट पेटतच असेल, तर प्लग कसाही कापला तरी शक्तीत जाणवण्याजोगी भर पडत नाही. फायदा दिसतो तो पेटणे अवघड असते तिथे: थंड इंजिन, पातळ (हवा जास्त, इंधन कमी असलेले) मिश्रण, मंद आयडलिंग. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे मधूनमधून मिश्रण पेटत नसेल, तर कानस हाती घेण्याआधी कार्ब्युरेटर, प्लग कॅप आणि कॉइल तपासणे अधिक शहाणपणाचे.

गॅप वाढवणे हा सोपा आणि म्हणूनच सर्वांत जास्त चुकणारा प्रकार. लहान मोटारसायकलींचा गॅप बहुधा ०.६ ते ०.९ मिमी असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. अनेक मेकॅनिक फीलर गेजऐवजी (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांऐवजी) हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरतात. त्याची जाडी साधारण ०.६५ मिमी, त्यामुळे ०.८ मिमीचा गॅप हवा असलेल्या गाडीला हे माप अपुरे पडते. गॅप वाढला की ठिणगी लांब होते, पण ती पाडायला लागणारे व्होल्टेजही वाढते, आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितके आणखी वाढते. म्हणून बिघाड आयडलिंगला दिसत नाही. पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर, चढावर, गाडी अडखळते.

दिशा साधून प्लग बसवताना पट्टी नसलेली उघडी बाजू इनलेट व्हॉल्व्हकडे (मिश्रण आत येते त्या झडपेकडे) ठेवतात. पांढऱ्या चिनी मातीवर मार्करने खूण करून प्लग आवळतात आणि खूण कुठे थांबते ते पाहतात. १० मिमी व्यासाच्या प्लगची एक फेरी म्हणजे १ मिमी, म्हणून पाव फेरी कमी करायला ०.२५ मिमी जाडीचा वॉशर पुरतो. खूण जागेवर यावी म्हणून प्लग जास्त आवळू नये. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघाले की दुरुस्ती महाग पडते.

हाच विचार प्लग आणि गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांनीही केला आहे. एनजीकेने मधल्या इलेक्ट्रोडवर व्ही आकाराची खाच दिली, डेन्सोने बाहेरच्या पट्टीवर यू आकाराची. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सर डीटीएस-आयमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग दिले. दोन ठिकाणी पेटल्याने प्रत्येक ज्योतीला कमी अंतर कापावे लागते आणि ज्वलन लवकर पूर्ण होते; एकाच प्लगचे टोक घासून एवढे साधत नाही.

प्लग बदलताना उष्णता-क्रमांकाकडे, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो हे सांगणाऱ्या आकड्याकडे, विशेष लक्ष द्यावे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशचा वाढला की गरम. अति थंड प्लगवर काजळी धरते. अति गरम प्लगचे टोक तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवते आणि पिस्टनला भोक पाडू शकते. इरिडियमचे प्लग घासू नयेत. डेन्सोच्या इरिडियम पॉवर प्लगचे मधले टोक जेमतेम ०.४ मिमी जाड असते, आणि नाण्यासारखे गॅप-माप दाबून फिरवले तरी ते तुटू शकते.