मागच्या सीटच्या जागी इंजिन

रेनॉ ५ ही मुळात फ्रान्सची घरगुती गाडी. १९७२ साली ती आली तेव्हा इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकंही पुढचीच, आणि मागे मुलाबाळांची सोय. १९८० मध्ये तिचीच ‘टर्बो’ निघाली. कंपनीने चक्क मागची सीट काढली आणि तिथे १३९७ सीसीचं, टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) जोडलेलं, १६० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. हेतू रॅलीचा होता. पण ग्रुप ४ या स्पर्धेच्या गटात उतरायचं तर निदान ४०० गाड्या बनवून दाखवाव्या लागत, म्हणून ती सामान्य गिऱ्हाइकालाही मिळाली. १९८१ ची माँटे कार्लो रॅली जाँ रान्योतीने हिच्यावरच जिंकली.

साध्या रेनॉ ५ च्या १:२४ मापाच्या प्लास्टिक मॉडेलमधून ही टर्बो उभी करणं कटर आणि सँडपेपरची सवय असलेल्याला जमण्यासारखं आहे. फक्त इंजिन का हलवलं हे आधी समजून घ्यावं. मग कुठे कापायचं ते फारसं शोधावं लागत नाही.

इंजिन मधे आलं की गाडी चपळ वळते, असं सरसकट सांगितलं जातं. वजन टोकांना असलं की गाडी वळायला जड, मध्यावर असलं की हलकी, हे खरंच आहे. पण या गाडीपुरतं तेवढं उत्तर मला पटत नाही. साध्या रेनॉ ५ चं इंजिनही पुढच्या आसाच्या मागेच होतं. आसाच्या पुढे होता तो गिअरबॉक्स. टर्बोमध्ये मागच्या आसाच्या अलीकडे इंजिन आणि पलीकडे गिअरबॉक्स. मांडणी जवळपास आरशातली!

खरा फरक पडला तो पकडीत. गाडी जोरात वेग घेते तेव्हा भार मागच्या चाकांवर सरकतो. हिशेब सोपा आहे: वस्तुमान, त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला दोन आसांमधल्या अंतराने भागायचं. गाडी सुमारे ९७० किलोची, आसांमधलं अंतर २.४३ मीटर. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि त्वरण गुरुत्वाच्या निम्मं धरलं, तर जवळपास १०० किलोंचा भार पुढून मागे जातो. पुढची चाकं ओढणारी असतील तर नेमकी हवी तेव्हाच त्यांची पकड कमी होते. मागची चाकं ढकलणारी असतील तर तीच वाढते.

हे टायरवरही दिसतं. टर्बोचे पुढचे टायर १९० मिमी रुंदीचे, मागचे २२० मिमी. मॉडेलमध्ये ते ७.९ आणि ९.२ मिमी होतात. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर, तरी चारही टायर सारखे लावले तर मॉडेल बघताक्षणी खोटं वाटतं. आणखी एक सव्वा मिलिमीटर सांभाळावा लागतो. साध्या रेनॉ ५ मध्ये मागच्या सस्पेन्शनच्या पिळाच्या दांड्या (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या) एकीमागे एक आडव्या बसवलेल्या, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दुसरं, असा सुमारे ३ सेंमीचा फरक असे. टर्बोचं मागचं सस्पेन्शन वेगळं आहे, तिथे हा तिरपेपणा नको.

इंजिन मागे नेताना ते गिअरबॉक्ससकट फिरवून तोंड उलटं करायचं. खऱ्या गाडीत नुसतं एवढंच केलं तर चाकं उलटी फिरतील. १९६६ च्या लोटस युरोपामध्ये रेनॉ १६ चं इंजिन असंच फिरवून मागे बसवलं होतं. तेव्हा डिफरन्शियलचं (गिअरबॉक्सची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या भागाचं) मोठं दातेरी चक्र दुसऱ्या बाजूला घ्यावं लागलं. नाहीतर चार गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढे जायचा! प्लास्टिकच्या गिअरबॉक्सला अर्थातच कुणी हे विचारत नाही.

सगळ्यात छळतं ते प्लास्टिक. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. मॉडेलची भिंतच एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात २४ मिमी. दोन्ही बाजूंच्या भिंतींनी मिळून जवळपास ५ सेंमी जागा खाल्लेली असते, आणि मापात बरोबर असलेलं इंजिन आत अडकून बसतं. उपाय एकच: मागच्या मडगार्डची आतली बाजू कटरच्या पात्याने खरवडत जायची आणि मधूनमधून बॉडी दिव्यासमोर धरायची. प्लास्टिकमधून उजेड झिरपू लागला की हात आवरायचा. बाहेरून मात्र रुंद टायर झाकण्यासाठी तेच मडगार्ड प्लास्टिक शीटचे थर आणि पुट्टी लावून फुगवायचं.

प्लास्टिक मॉडेलचा पातळ गोंद चिकटवत नाही, पॉलिस्टायरीन विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. आतलं द्रावक उडून जाईपर्यंत सांधा खचत राहतो, म्हणून रात्रभर थांबूनच घासावं. सुपरग्लूची तऱ्हा निराळी. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन काचेवर पांढुरकी बसते. इथे इंजिन थेट मागच्या काचेखाली आहे, तेव्हा काच शेवटी बसवलेली बरी. स्पार्क प्लगच्या वायरी खऱ्या गाडीत साधारण ७ मिमी जाडीच्या, मॉडेलमध्ये ०.३ मिमी. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ३० गेजची तांब्याची तार मागितली की काम झालं. वर काळा रंग.

राहिलं वजन. लांबी २४ पट कमी झाली की घनफळ १३,८२४ पट कमी होतं, म्हणून ९७० किलोंचे होतात अवघे ७० ग्रॅम. पण ते वाटलं जातं भलतीकडेच. खऱ्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आपला पोकळ प्लास्टिकचा. टर्बोचं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. त्या हिशेबाने आडव्या पेन्सिलीवर ठेवलेलं मॉडेल मागच्या आसाच्या पुढे ४ सेंमीवर तोललं जायला हवं. ते पुढे झुकलं तर मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसं ब्लॉकच्या पोकळीत भरायचं. दिसायची भीती नाही. खऱ्या गाडीतही इंजिनावर झाकण असायचंच. मांडताना मात्र ते काढून बाजूला ठेवावं, नाहीतर वायरी ओढण्याची सगळी मेहनत वाया.