ओवी शोधून देणारं टूल : घेण्याआधी एवढं वाचा

गेल्या श्रावणात आमच्या दुकानातून एका देवळाच्या सप्त्याची पुस्तिका छापून गेली. घाई होती, पान भरायला एक अभंग कमी पडत होता, तो आम्ही एआयला विचारून घातला. शेवटी ‘तुका म्हणे’ होतं, चालही बसत होती. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे भजनी बुवा पुस्तिका घेऊन मालवणातल्या आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे. “रे झिला, ह्यो अभंग खंयच्या गाथेतलो?” आम्ही देहूची गाथा चाळली, सरकारी गाथा चाळली. कुठेच नव्हता. मग तीनशे प्रतींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसलो. हे टूल त्या पट्ट्या चिकटवताना सुचलं.

एआय मुद्दाम खोटं सांगत नाही. अफाट मजकूर वाचून कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याची त्याला सवय झालेली असते, एवढंच. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हजार ठिकाणी छापलेलं आहे, ते बहुधा बरोबर येतं. दासबोधाच्या मधल्या एखाद्या समासातली ओवी मागा, की ओवीसारखं काहीतरी येतं. समर्थांचा ठसका असतो, यमक असतं, फक्त ओवी समर्थांची नसते. भजनाच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांनी हे पकडलं तर काय होईल, ते आम्ही सांगायला नको.

आमचं टूल एआयच्या हातात पोथी देतं. नुसतं बोलण्याऐवजी स्वतः काम करून आणणाऱ्या एआयला एजंट म्हणतात. त्याला बाहेरच्या माहितीशी जोडायची एक ठरलेली पद्धत आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, बोलताना एमसीपी. अँथ्रॉपिक कंपनीने ती नोव्हेंबर 2024 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. त्या पद्धतीने जोडणी झाली की तुमचा एजंट क्रमांकावरून ओवी आणतो, शब्दावरून ओळ शोधतो आणि तुम्ही दिलेली ओळ ग्रंथात आहे का ते तपासतो.

यातलं तपासायचं काम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. उदाहरण घ्या. ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ ही ओळ मनाच्या श्लोकांतली म्हणून कितीतरी श्रद्धांजलीच्या फलकांवर आम्हीच छापली आहे. वृत्तही तेच, भुजंगप्रयात. टूलला विचारलं, तर 205 श्लोकांत ती सापडत नाही असं उत्तर येतं आणि जवळची ओळ म्हणून आठवा श्लोक पुढे येतो : ‘देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी’. ‘सापडली नाही’ हे उत्तर ऐकायला रुक्ष वाटतं, पण पट्ट्या चिकटवण्यापेक्षा बरं.

साठ्यात काय आहे

भगवद्गीता, ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, दासबोधाचे वीस दशक म्हणजे दोनशे समास, आणि मनाचे श्लोक. क्रमांकांचा घोळ मात्र समजून घ्या. गीतेचे श्लोक 700, पण काही प्रतींत तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक प्रश्न जास्त असतो. तो धरला की त्या अध्यायातला पुढचा प्रत्येक श्लोक एकाने सरकतो. ‘इदं शरीरं कौन्तेय’ कुणाच्या प्रतीत पहिला, कुणाच्या दुसरा. गाथेत तर दोन प्रतींचे आकडे जुळतील ही आशाच सोडा. म्हणून टूल नुसता क्रमांक देत नाही, कुठल्या प्रतीतला तेही सांगतं. पुस्तिकेत तेवढं छापा, वाद मिटतो.

गीताई का नाही, असं बरेच जण विचारतात. विनोबा आपल्या पेणजवळच्या गागोद्याचे, त्यामुळे प्रश्न रास्तच. पण ते 1982 मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. परवानगीशिवाय ती साठ्यात घालणं आम्हाला पटत नाही. ख्रिस्तपुराणाची मागणीही आली आहे. 1616 मध्ये गोव्यात राचोलला हे मराठी ओव्यांचं पुस्तक छापलं गेलं ते रोमन लिपीत, त्यामुळे देवनागरी पाठ नीट ताडून पाहिल्याशिवाय आम्ही ते देणार नाही.

शोधताना अनुस्वाराची काळजी करू नका. ‘आतां विश्वात्मकें देवें’ तुम्ही ‘आता विश्वात्मके देवे’ असं टाइप केलंत तरी पसायदान सापडतं, दाखवताना मात्र जुनं लेखन जसंच्या तसं येतं. अर्थावरून शोध अजून जमत नाही. ‘आईच्या मायेवरचा अभंग दे’ म्हटलंत तर एजंट स्वतःच्या मनाने शब्द निवडून शोधेल, कधी लागेल, कधी नाही. निरूपण हे टूल करत नाही, ते बुवांचं काम.

एक सावधगिरी. जोडणी असूनही एजंट कधीकधी आळस करतो आणि पोथी न उघडताच उत्तर ठोकून देतो. उत्तराखाली ग्रंथ, क्रमांक आणि प्रत अशी ओळ नसेल, तर ती ओवी आमच्याकडून आलेली नाही असं समजा आणि ‘टूलमध्ये बघून सांग’ असं त्याला बजावा. ओळ असली तरी छपाईआधी टूलच्या चौकटीतला मूळ मजकूर उघडून अक्षर न् अक्षर ताडा.

सगळा साठा मोबाईलवरच्या दोन-चार फोटोंएवढा, तुमच्याच संगणकावर राहतो. पावसात नेट गेलं तर एजंट गप्प बसेल, पण साधी शोधखिडकी चालू राहील. वीज गेली तर अर्थात छापील पोथी.

संगणक घेऊन दुकानात या, तासाभरात बसवून देतो. तुमच्या मंडळाच्या जुन्या पुस्तिका श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, असतील तर त्या फायलीही पेनड्राइव्हवर आणा, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलाव्या लागतात. चतुर्थीआधीचा महिना तेवढा सोडा, तेव्हा आरत्यांच्या छपाईतून मान वर काढायला फुरसत नसते.