बर्फाच्या पोटातला कच्चा थर

डोंगरउतारावरचा बर्फ वरून एकसंध दिसला, तरी आत तो थरांनी बनलेला असतो. प्रत्येक हिमवर्षाव, प्रत्येक वादळ, प्रत्येक निरभ्र रात्र त्यावर आपली खूण ठेवते. माणसांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलनं होतात ती यातला एखादा कच्चा थर मोडल्यामुळे. मग त्याच्यावरचा घट्ट बर्फ एकगठ्ठा सुटतो. आणि तो थर मोडणारं वजन बऱ्याचदा अडकलेल्याचं स्वतःचं किंवा त्याच्या सोबत्याचंच असतं.

जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, पृष्ठभाग मात्र कडाक्याच्या थंडीत कितीतरी थंड होतो. दर 10 सेंटिमीटरला साधारण 1 अंशाहून जास्त फरक पडू लागला, की बाष्प कणाकणांमधून वर सरकतं, कणांचे सांधे झिजतात आणि पैलूदार स्फटिक वाढतात. असा बर्फ मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून ओघळतो. बर्फ पातळ असेल तर हे सगळं लवकर घडतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पडलेला थोडासा बर्फ पुढे कित्येक आठवडे धोक्याचा ठरू शकतो.

हा थर शोधायला खड्डा खणतात. खड्ड्याच्या भिंतीत 30 बाय 30 सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करायचा, त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या: 10 मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. कितव्या थापेला स्तंभ तुटला हे लिहून घेतात, पण तो कसा तुटला हे मला जास्त मोलाचं वाटतं. खडबडीत तुटला तर चिंता थोडी कमी. वरचा ठोकळा सपाट पृष्ठावरून सटकन पुढे आला, तर लक्षण वाईट. दुसऱ्या चाचणीत स्तंभ 90 सेंटिमीटर रुंद कापतात आणि एकाच टोकाला थापा मारतात. तडा थेट पलीकडच्या टोकापर्यंत धावला, तर तसाच तो उतारभर धावू शकतो.

तरीही खड्डा सांगतो ते फक्त त्या जागेपुरतं. काही पावलांवर वाऱ्यानं बर्फाची जाडी बदललेली असते. वाईट निकाल मागे फिरायला पुरेसा आहे, चांगला निकाल मात्र पुढे जायचा परवाना नाही. नुकतीच झालेली हिमस्खलनं, पायाखाली ‘धप्प’ आवाज करून खचणारा बर्फ, पावलापासून पळत जाणाऱ्या भेगा, वादळात साचलेला नवा बर्फ, अचानक वाढलेली ऊब: यातलं काहीही दिसलं तर खड्डा खणत बसायचीही गरज नाही.

आपल्या हातात पक्की असते ती उताराची निवड. घट्ट थर सुटून होणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुरू होतात. मात्र आपण उभे आहोत तो उतार सौम्य आहे एवढ्यावर विसंबू नये. कच्चा थर सलग असेल, तर पायथ्याच्या सपाटीवर पडलेला तडाही वर चढतो आणि डोक्यावरचा तीव्र उतार सोडवून आणतो.